दोन ठोक्यांमधली जागा

काकूचा उजवा पाय काकूच्या आधी उठायचा. डोळे मिटलेले, तोंड उघडं, घोरणं जोरात, आणि पांघरुणाखाली पाय आपला कामाला लागलेला: धप, धप, धप. खालच्या मजल्यावरचा शिंपी पहिल्यांदा जिना चढून वर आला तो याच पायी. दार बडवून म्हणाला, "बाई, पिठाची गिरणी टाकलीत काय घरात?"

"गिरणी असती तर आधी तुझं तोंड दळलं असतं," काकू म्हणाली. "पाय आहे माझा. थांबत नाही. कानात बोळे घाल."

शिंप्यानं बोळे घातले नाहीत. तो त्या ठोक्यावर मशीन मारायला लागला आणि त्याची शिवण सरळ यायला लागली. हे मात्र तो कुणाला बोलला नाही.

ही काकू आमच्या डिस्कोची ड्रमवाली. बुटकी, रुंद, केसांचा अंबाडा असा करकचून बांधलेला की भुवया वर ओढल्या जायच्या. अंगावर दोन खिशांचा एप्रन, एका खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. नाचायला येणाऱ्या पोरीटोरी, टक्कल पडलेले, कारकून, गवंडी, सगळे तिला काकूच म्हणायचे. खरी ती एकाचीच काकू. तो पुतण्या पोटापाण्याला रेडिओ दुरुस्त करायचा आणि जिवाला म्हणून कीबोर्ड वाजवायचा. त्याच्या जोडीला एक सलूनवाला होता. तो आठवडाभर लोकांचे केस कापायचा आणि रविवारी जाड तारांची गिटार छातीशी धरायचा. हे तिघं म्हणजे सगळा बँड.

पण पायाचं आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या पायातून निघालं.

काकूची उमर गेली झाकणाच्या कारखान्यात. डब्यांची गोल झाकणं. पत्र्याचं पान पुढं सारायचं, हात काढायचा, पेडल दाबायचं, वरनं दाब खाली येतो, झाकण टोपलीत. यातलं हात काढायचं तेवढं विसरायचं नाही. विसरलेल्या बायका कारखान्याच्या फाटकाशी भाजी विकायला बसायच्या, एका हातानं.

छताला लांबच्या लांब लोखंडी दांडा फिरायचा. त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली मशिनींवर आलेले. एका पट्ट्यावर दोन मशिनी, समोरासमोर. दोन्ही दाब एकदम पडले तर पट्ट्याला ते ओझं पेलायचं नाही. तो घसरायचा, आणि सुटलेला पट्टा म्हणजे पिसाळलेला बैल, कुणाला कुठं धरील ते त्याचं त्याला ठाऊक नसतं. म्हणून जोडीतल्या बायकांनी आळीपाळीनं दाबायचं. एकीचा पाय खाली तेव्हा दुसरीचा वर. तुझा ठोका, माझा ठोका. तुझी जागा, माझी जागा.

काकूच्या समोर बसायची तिची थोरली जाऊ. म्हणजे या पुतण्याची आई.

घरी दोघींचं विळ्याभोपळ्याचं. नळावर भांडायच्या, मिठावरून भांडायच्या, पोराला कुणी निजवायचं यावरून भांडायच्या. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. एक ट्रक चालवायचा आणि दुसरा त्याच ट्रकमध्ये झोपायचा, त्यामुळं मधे पडायला घरात कुणी नसायचंच. पण मशिनीवर बसल्या की दोघी एका जनावराचे दोन पाय. त्या गोंगाटात बोलणं शक्यच नव्हतं. नुसतं डोळ्यानं चालायचं. कधी एकीचा ठोका सरकत सरकत दुसरीच्या जवळ आला, तर जिच्या आधी ध्यानात येईल तिनं बाजूला व्हायचं. कोण चुकलं हे तिथं विचारायचं नाही. भांडण घरी जाऊन.

एकदा काकूचा घोटा सुजला. टाच टेकवेना.

"घे आज सुट्टी," थोरली म्हणाली. "तुझ्यावाचून कारखाना बंद पडत नाही."

"माझ्या जागी कुणाला बसवतील, जाऊबाई?"

"मारुतीच्या शेपटासारखी तुझी काळजी वाढतच जाते बघ. कुणी तरी बसेल. तू पड."

मुकादमानं एक नवी पोर बसवली. पोर चलाख होती, हात झपझप चालायचा. पण समोरचीच्या ठोक्यात शिरायचं नसतं, हे तिला सांगायचं राहिलं; ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. ठोके जवळ यायला लागले. थोरली बाजूला झाली. पोरीला काही तरी चुकतंय असं वाटून तीही बाजूला झाली, त्याच बाजूला. बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच अंगाला सरकतात ना, तसं. पुन्हा सरकल्या, पुन्हा तसंच. मग दोन्ही दाब एकदम पडले.

थोरलीला घरी आणलं ते चादरीत. पुतण्या तेव्हा रांगायच्या वर आणि शाळेच्या खाली. काकू त्याला पोटाशी घेऊन बसली, घोटा बरा होईस्तोवर बसली आणि मग कामावर गेली. समोरची मशीन नंतर कधी कुणाला दिली नाही. काकू एकटीच दाबायची. तिला आता दुप्पट वेगानं दाबता आलं असतं, पट्टा मोकळाच होता. मुकादमानं सांगूनही बघितलं. पण तिनं मधली जागा काही भरली नाही. धप, आणि मग रिकामं, आणि मग धप. असं कारखाना बंद पडेपर्यंत.

पुतण्या मोठा झाला. त्याला डिस्कोचं वेड लागलं, तेही सरळ डिस्कोचं नाही. लग्नात नाही तर बारमध्ये वाजतं ते त्याला चालेना. त्याचं म्हणणं, ठोका तेवढा डिस्कोचा, बैलाच्या चालीसारखा एकसारखा, चुकायचा नाही, थांबायचा नाही. आणि त्याच्यावर जे वाजेल ते त्या क्षणाला सुचेल ते. ठरवून काही नाही. गाणं कुठून सुरू झालं ते कळतं, कुठं जाईल ते वाजवणाऱ्यालाही कळत नाही.

याला ड्रमवाले टिकेनात. चांगल्या ड्रमवाल्याला हात दाखवायचा असतो. एक चिडून निघून गेला, दुसऱ्यानं लग्न केलं. असाच एका सकाळी पुतण्या स्वयंपाकघरात कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला होता आणि काकू मटार सोलत होती. टेबलाखाली तिचा पाय चालला होता. पुतण्या वाजवता वाजवता थांबला, वाकला आणि टेबलाखाली बघत राहिला.

"काय शोधतोयस?"

"ड्रमवाला," तो म्हणाला.

बंद कारखान्याचं पत्र्याचं गोदाम रिकामंच पडलं होतं. ते पुतण्यानं रविवारच्या दुपारपुरतं घेतलं. लाकडी फळ्यांची जमीन होती, ती घासून काढली. कोपऱ्यात पडलेली गंजकी झाकणं चकचकीत करून तारेत ओवली आणि छताला टांगली. छपराच्या काचांतून ऊन पडायचं, ते झाकणांवर आपटून गोल गोल कवडसे होऊन माणसांच्या तोंडांवरून पळायचं. तिथं काकूला स्टुलावर बसवली, पुढं मोठा ढोल ठेवला आणि त्याचं पेडल तिच्या पायाखाली दिलं. तिनं एकदा दाबून बघितलं. "हलकं आहे," म्हणाली. मग बसली ती बसलीच.

लोक का यायचे ते सांगतो, मी त्यांतलाच. एरवीच्या गाण्याला घर असतं: दार, खोल्या, मागचं अंगण. कुठं काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं. यांच्या वाजवण्याला नुसती जमीन. तुमचा पाय कुठं पडणार हे पक्कं, बाकी जग कुठं जाणार ते कुणाच्या बापाला माहीत नाही. पुतण्याची बोटं रानात सुटलेल्या वासरासारखी कुठंही जायची, सलूनवाला त्याच्यामागं, आणि खाली काकूचा पाय. नाचता नाचता दुपार सरायची आणि शर्ट पिळला तर बादली भरावी असा घाम. घरी जाऊन माणसं झोपायची ती दगडासारखी.

पण एक होतं. सगळ्यांना जाणवायचं, बोलायचं कुणी नाही. काकूच्या दोन ठोक्यांच्या मधे काही तरी पडायचं.

आवाज म्हणाल तर नव्हता. अंधारात जिना उतरताना पायरी असेल की नसेल अशा शंकेनं पाऊल टाकावं आणि ती असावी, तसं. ढोलाच्या ठोक्यावर एक पाऊल पडायचं, आणि मधल्या रिकाम्या जागेत दुसरं पाऊल आपसूक पडायचं, आणि खाली आधार असायचा. नवखा माणूससुद्धा तिथं कधी धडपडला नाही.

डिस्कोत त्या मधल्या जागेत झांज वाजते, छुस् करून. ती नसेल तर डिस्को कसला, असं बाहेरचे जाणकार म्हणायला लागले. पुतण्यानं एक झांजवाला आणला. उंच, रुबाबदार गडी, काठी बोटांवर गरगरा फिरवायचा. काकू म्हणाली, "मला नको."

"अगं काकू, तू तुझं वाजव. तो मधे वाजवेल."

"मधली जागा रिकामी नाही."

"रिकामीच तर आहे!"

काकूनं पेपरमिंट तोंडात टाकली आणि पाय सुरू केला.

झांजवाल्यानं काठी उचलली. मारली ती उशिरा पडली. पुन्हा मारली, लवकर पडली. त्या गड्याला हे कधी झालेलं नसावं. कान लाल झाले. त्यानं डोळे मिटून प्रयत्न केला, ओठ हलवून मोजून प्रयत्न केला. मग एकदाची त्याची काठी बरोबर जागेवर गेली आणि झांजेच्या वर, हवेत, तटली. आम्ही समोरच होतो. काठी खाली जाईना. त्यानं काठ्या खिशात घातल्या, कोट उचलला आणि दारातून पुतण्याला म्हणाला, "तिथं आधीच कुणी तरी बसलेलं आहे. दोघांना घेऊन मला कशाला बोलावलंस?"

त्या दुपारचं पुतण्यानं टेपवर धरलं होतं. आपल्या रेडिओच्या दुकानात बसून त्यानं ते ऐकलं. मधल्या जागेत काही नव्हतं. म्हणजे आमच्या बुटांची घसट होती, एवढ्या माणसांचे पाय एकाच क्षणाला जमिनीवर टेकल्याची. तो हसला. म्हणाला, चला, आपलेच लोक. मग त्याला आठवलं की टेपचा शेवटचा भाग नाच संपल्यावरचा होता, लोक घरी गेले होते आणि काकू एकटी सवयीनं पाय हलवत बसली होती. त्यानं तो भाग लावला. घसट तिथंही होती. एकाच पावलाची.

टेप काढून तो सरळ घरी आला. काकू मटार सोलत होती.

"कोण आहे ते?"

काकूनं शेंग मोडली. "तुझी आई," म्हणाली. "दुसरं कोण बसणार माझ्यासमोर?"

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? ती काही बोलत नाही. बसते, काम करते. घरीसुद्धा अशी गप्प बसली असती तर आमचं जमलं असतं."

पुतण्या खुर्चीवर बसला. त्याला आईचा चेहरा आठवत नव्हता, आवाज आठवत नव्हता. आठवायचा तो फक्त कुणीतरी थोपटल्याचा हात, तोही आईचा की काकूचा याची खात्री नाही.

"तिला जवळ आणता येईल," तो म्हणाला.

काकूचे हात थांबले. पाय नाही. "तसलं काही करायचं नाही. तिची जागा तिथं, माझी इथं. मधे अंतर आहे म्हणून ती आहे. दोन्ही एकदम पडले की काय होतं ते मी चादरीत बघितलंय. ती पुन्हा जाईल, आणि आता तिथं एवढी माणसं नाचतात. पट्टा कुणाला धरील?"

"इथं कुठं पट्टा आहे, काकू?"

"मशीन तरी कुठं आहे?" काकू म्हणाली.

पण आईला हाक मारायची मिळाली तर कोण थांबतो! पुढच्या रविवारपासून पुतण्याचं वाजवणं बदललं. आधी बोटं चौफेर जायची, आता एकाच बाजूला झुकायला लागली. मधल्या जागेकडं. तिथं तो एक सूर ठेवायचा, दाराशी दाणे टाकावेत तसा, आणि वाट बघायचा. मग जरा अलीकडं ठेवायचा. गोदाम खचाखच भरायला लागलं. असं वाजवणं आम्ही कधी ऐकलं नव्हतं, खोटं का बोलू. अंगावर काटा यायचा आणि त्या काट्यासकट नाचावंसं वाटायचं. आणि दर रविवारी ते मधलं पाऊल काकूच्या ठोक्याच्या थोडं जवळ आलेलं असायचं. आमची चाल लंगडी झाली. एक पाऊल लांब, एक आखूड. रस्त्यानंसुद्धा आम्ही तसेच चालायला लागलो. घरच्यांनी विचारलं, पायाला काय लागलं?

त्या रविवारी ऊन कडक होतं. कवडसे भिंतींवर गरगरत होते. पुतण्या कीबोर्डवर इतका वाकला होता की नाक पट्ट्यांना लागेल. पाऊल जवळ येत होतं. काकू बाजूला झाली. समोरचीही बाजूला झाली, त्याच अंगाला. काकूचा चेहरा पांढरा पडला. पुन्हा सरकली. पुन्हा तसंच. आमच्यात एकजण पडला, त्याच्यावर दुसरी पडली. वर टांगलेली झाकणं, वारा नसताना, एकमेकांवर आपटायला लागली. आणि छताकडून, जिथं पूर्वी कधी दांडा नव्हता, तिथून चामडं घासल्याचा वास आला. जळका.

"हात काढ!" काकू ओरडली.

"येतेय, काकू! आलीच!"

"मेल्या, हात काढ म्हणते ना!"

तो काढेना. सलूनवाल्यानं गिटार सोडून त्याला मागं ओढायला बघितलं, तर तो खुर्चीला चिकटल्यासारखा. दोन ठोक्यांच्या मधे आता नखाएवढी फट उरली होती.

तेव्हा काकूनं ते केलं जे तिनं सबंध आयुष्यात एकदाच केलं होतं. तिनं पेडलवरून पाय उचलला. स्टुलावरून उठली आणि समोर, रिकाम्या हवेकडं बघून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जाऊबाई, आज माझी सुट्टी."

ढोल गप्प झाला. आमचे पाय अधांतरी.

आणि मग ठोका पडला. एकच. ढोलाचा नव्हता, फळ्यांच्या खालून आलेला होता. मग तेवढंच अंतर सोडून दुसरा. धीमा, सावकाश, आपल्या जागेवर. त्याच्या आसपास कुणी नव्हतं, कुणाला वाट द्यायची नव्हती. झाकणं थांबली. जळका वास गेला.

पुतण्याचं तोंड उघडं पडलं. त्यानं हात उचलले, उठला आणि धावत स्टुलाकडं आला. रिकाम्या पेडलवर त्याची नजर. बसणार होता. आईच्या समोर बसायचं होतं त्याला.

काकूनं स्टूल धरून ठेवलं. तिनं त्याला खांद्यानं असा ढकलला की तो फळ्यांवर बसला.

"माझ्या जागी कुणी बसायचं नाही," ती म्हणाली. "गेल्या खेपेला हेच सांगायला मी नव्हते."

तो लहान पोरासारखा तिच्या एप्रनला धरून बसला आणि ऐकत राहिला. आम्ही नाचलो. हो, नाचलो. दुसरं काय करणार? एकेक पाऊल त्या एकेका ठोक्यावर ठेवत राहिलो आणि आमची चाल सरळ झाली. हळूहळू ठोके लांब लांब पडायला लागले, पट्टा उतरवल्यावर चाक आपल्याच वेगानं फिरून मंदावतं तसे. शेवटच्या ठोक्यानंतर आम्ही पुढच्याची बराच वेळ वाट बघितली. तो आला नाही. काकूनं स्टूल उचलून भिंतीला उलटं टेकवून ठेवलं, कारखान्यात पाळी संपल्यावर ठेवायच्या तसं.

त्या दिवसापासून काकूचा पाय शांत झाला. सकाळी ऊन तोंडावर येईस्तोवर झोपायला लागली. पुतण्या अजून वाजवतो, पण त्या बाजूला झुकत नाही. झांजवाला परत आला आहे, त्याची काठी नीट पडते. गर्दी निम्मी झाली. डिस्को म्हणून चांगलंच आहे; आम्ही जातो, नाचतो, घाम येतो, परत येतो.

मी काकूकडं गेलो होतो तेव्हाची गोष्ट. ती पलंगाच्या कडेला पाय सोडून मटार सोलत होती. दोन्ही पाय गप्प. दार वाजलं. खालचा शिंपी.

"बाई, थांबलंय म्हणाला होतात ना तुम्ही?" तो म्हणाला. "आनंद झाला होता मला. आता पुन्हा कशाला सुरू केलंत? आणि ठोका बदलून का? माझी सगळी शिवण मधे मधे पडतेय."

मी काकूच्या पायांकडं बघितलं. शिंप्यानंही बघितलं. तिघांनीही कान दिला. मला काही ऐकू आलं नाही. शिंपी मात्र दर थोड्या वेळानं मान हलवत होता, एकसारखी, ठरावीक.

काकूनं मटाराचं भांडं बाजूला ठेवलं. मग दोन्ही पाय उचलून पलंगावर घेतले, लुगड्याखाली झाकले आणि मांडी घालून बसली.

"जाऊबाईंची कामाची पाळी चाललीय," म्हणाली. "मधे पाय नको."